गोव्याच्या पैशाचा कागद कुठाय?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

परदेशातनं भारतात किती डॉलर आले ह्याची बातमी अधनंमधनं पेपरात येते आणि मी ती नेमानं वाचतो, कारण धंदाच तसला आहे, बेळगावजवळ मच्छे-पिरनवाडीच्या बाजूला माझं झेरॉक्स, रिचार्ज आणि पैसे पाठवायचं-काढायचं दुकान आहे. रिझर्व्ह बँकेच्या हिशोबानं 2023-24 मध्ये 118.7 अब्ज डॉलर आले, त्यात महाराष्ट्राचा वाटा 20.5 टक्के, केरळचा 19.7 आणि आपलं कर्नाटक 7.7 टक्क्यांवर पाचव्या नंबरला. चांगलंच आहे की. दुबई-अमेरिकेला गेलेल्यांच्या पैशाचा देशानं हिशोब ठेवलाच पाहिजे. पण खानापूर तालुक्यातनं म्हापशाला मडगावला गेलेला गवंडी, वास्कोच्या बेकरीत रात्रपाळी करणारा पोरगा, इचलकरंजीत मागावर असलेला, पुण्यात सेंट्रिंगच्या कामावर गेलेला, ह्यांनी महिन्याच्या महिन्याला घरी धाडलेल्या पैशाची बातमी मी तरी आपल्या भागात कुठल्या पेपरात वाचलेली नाही, आणि आमच्या खेड्यात ज्या घरावर स्लॅब पडलाय त्यातली निम्मी घरं ह्याच पैशावर उभी आहेत हे कुणीही शेंबडं पोर सांगेल.

माझ्या काउंटरवर दोन लाईनी लागतात. एक जाणाऱ्या पैशाची. उद्यमबागच्या फौंड्रीतली, मच्छेच्या कारखान्यांतली यूपी बिहार ओडिशाची पोरं पगार झाला की येतात आणि गावाकडं पैसे टाकतात. दुसरी लाईन येणाऱ्या पैशाची, ती सगळी बायकांची, आक्का, मावशी, कुणाची तरी सून कडेवर लेकरू घेऊन, आणि पहिला प्रश्न ठरलेला, "गोव्याचे पैसे आल्यात काय बघ की रे बाळा". आपला माणूस तिकडं का जातो आणि तिकडचा इतक्या लांबनं आपल्याकडं का येतो हे मला पहिल्यांदा कोडंच वाटायचं, इथं काम आहे तर आपल्यानंच करावं की. एका फौंड्रीच्या सुपरवायझरनं सरळ सांगितलं, गावचा माणूस रोपलावणीला सुट्टी मागतो, पावण्याच्या लग्नाला मागतो, बाराव्याला मागतो, परगावच्याला कोण बाराव्याला बोलावणार, तो कारखान्याच्या मागच्या खोलीतच असतो, हाक मारली की हजर. गोव्यातला ठेकेदार आमच्या गवंड्याविषयी हेच बोलत असणार. म्हणजे पैसा गावात राहायचा तर माणूस गावाबाहेर पाहिजे, असला हा कारभार आहे.

ह्यात नवीन काही नाही म्हणा. आमच्या आज्ज्याच्या पिढीतले बरेच जण मुंबईला गिरणीत होते आणि घर मनिऑर्डरवर चालायचं. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर बसले, आणि मुंबईची वाट हळूहळू बंद झाली. गोवा 1961 ला मोकळा झाल्यापासनं तिथं बांधकामाला माणूस लागतच होता, मग चोर्ला घाटानं, लोंढ्याच्या रेल्वेनं सगळी रांग तिकडं वळली. मनिऑर्डर मात्र महाग होती, वीस रुपयाला एक रुपया म्हणजे सरळ 5 टक्के कमिशन, आणि एका फॉर्मवर पाच हजाराच्या वर जायचं नाही. 2015 मध्ये जुनी मनिऑर्डर बंद झाली तेव्हा पेपरांनी फॉर्मवरच्या त्या चार ओळींच्या निरोपाबद्दल लई हळवं लिहिलं. मला त्या निरोपाचं तेवढं वाटत नाही, आता व्हिडिओ कॉल आहे. मला वाटतं त्या पावतीचं. कुणी, कुणाला, किती, कधी हे सरकारी शिक्क्यासकट लिहिलेलं असायचं आणि ती पावती म्हातारी लोकं पत्र्याच्या पेटीत जपून ठेवायची. आता फोन पे आलं, पैसा चुटकीसरशी येतो, फुकट येतो, पण पेटीत ठेवण्यासारखं काही राहिलं नाही.

आणि सगळा पैसा फोनवरनं येतो असंही समजू नका. आपल्या बेळगावची भाजी रोज गोव्याला जाते, आपला भाजीमार्केटचा धंदा निम्मा गोव्याच्या जिवावर आहे, त्या गाड्या रिकाम्या परत येतात आणि येताना ड्रायव्हरच्या खिशात कुणाकुणाचे पैसे असतात. चुरगाळलेल्या कागदावर नाव आणि रक्कम, बाकी सगळा विश्वास. ह्या ड्रायव्हर लोकांनी पैसे बुडवल्याचं मी क्वचितच ऐकलंय, कारण बुडवून जाणार कुठं, त्याचं घर पण इथंच आहे की. बँकेचं सर्व्हर डाऊन असतं, सुट्टी असते, ह्या ड्रायव्हरांचं तसं काही नसतं, फक्त घाटात दरड कोसळली तर एक दिवस उशीर.

आता मूळ दुखण्याकडं येतो. जून महिना. जूनमध्ये गोव्यात पाऊस सुरू झाला की बांधकामं थंड होतात, गवंडी आणि हेल्पर गावाला येतात, तेही बरं कारण रोपलावणीला माणूस लागतो. पण त्याच महिन्यात शाळेची फी, वह्यापुस्तकं, बियाणं, खत, गळकं कौल बदलायचं, सगळं एकदम डोक्यावर येतं, म्हणजे खर्च सगळ्यात जास्त आणि आवक बंद. माझ्या दुकानात मे महिन्यापर्यंत असलेली बायकांची लाईन जुलैत दिसत नाही, त्या कुठं दिसतात तर संघाच्या मीटिंगला. संघ म्हणजे आमच्याकडं हप्त्यानं कर्ज देणारे ते, दर आठवड्याला हप्ता, एकीनं चुकवला तर बाकीच्यांनी भरायचा, नाहीतर वसुलीवाला दारात बसून राहणार. ह्या वसुलीपायी जीव गेल्याच्या बातम्या आल्या म्हणून फेब्रुवारी 2025 मध्ये कर्नाटक सरकारनं जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम काढला. काढला ते बरं केलं. पण जूनची चणचण वटहुकुमानं कशी जाणार. जनधन खात्यावर 10,000 पर्यंत ओव्हरड्राफ्ट मिळतो असं सरकारी जाहिरातीत लिहिलेलं असतं, नेमका जूनसाठीच केल्यासारखा नियम आहे, माझ्या दुकानात येणाऱ्या एकाही बाईला तो मिळालेला मी अजून बघितलेला नाही, मागायला गेल्या त्यांना पुढच्या महिन्यात या म्हणून सांगितलं.

अंगठ्याचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आधारवर अंगठा लावून पैसे काढायचं मशीन माझ्याकडं आहे, फार सोयीचं आहे, बँकेत जाऊन अर्धा दिवस घालवावा लागत नाही. पण सिमेंट कालवून, भांडी घासून, शेतात भांगलून ज्यांच्या बोटाच्या रेषाच झिजल्यात त्यांचा अंगठा मशीन घेत नाही. निपाणीकडच्या माझ्या मेव्हण्याचं पण असंच दुकान आहे, तो सांगतो विड्या वळणाऱ्या बायकांचं तर विचारूच नको. मग आम्ही काय करतो, बोट पुसून घे, दुसरं लाव, थोडं तेल लाव, धुऊन ये, करंगळी लाव. पाच वेळा, सहा वेळा. खात्यात नवऱ्यानं पाठवलेले सहा हजार दिसतायत आणि काढता येईनात. परवा एक मावशी चिडून म्हणाली, "आयुष्यभर राबून बोटं झिजवली, आता हे यंत्र म्हणतंय तू तू न्हवंसच". शेवटी रिक्षा करून बँकेत. तिथं स्लिप भरायची कन्नडात नाहीतर इंग्रजीत, ती कुणाकडनं तरी भरून घ्यायची, लाईनीत उभं राहायचं. डोळ्याच्या किंवा चेहऱ्याच्या ओळखीवर पैसे द्यायची सोय मशीनमध्ये आहे म्हणतात, ती खेड्यापर्यंत कधी पोचायची देव जाणे. पोस्टमन पण आता घरी येऊन पोस्टाच्या पेमेंट बँकेतनं पैसे देतो, 2018 पासनं ही सोय आहे, पण लोकांना माहीतच नाही आणि पोस्टमनकडं गावं किती तर मोजत बसावं इतकी.

खर्चाचा हिशोब पण सांगून टाकतो. अंगठा लावून पैसे काढायला गिऱ्हाइकानं काही द्यायचं नसतं, दुकानदाराला बँक कमिशन देते. पण बऱ्याच ठिकाणी हजाराला दहा रुपये घेतातच, आमच्या लाईनीतल्या मित्रांना हे मी पेपरात लिहिलेलं आवडणार नाही. त्यात ज्याच्याकडं फोन पे नाही त्यानं तिकडं दुकानातनं पैसे टाकले तर तिथं एक टक्का गेला, इथं एक टक्का गेला, वर रिक्षा आणि बुडालेली मजुरी. परदेशातनं येणाऱ्या पैशावर 2030 पर्यंत 3 टक्क्यांपेक्षा जास्त खर्च होऊ नये असं संयुक्त राष्ट्रसंघानं ठरवलंय. घाट उतरून गेलेल्या गवंड्याचं असलं काही कुणी ठरवलेलं नाही.

पण माझी खरी तक्रार ह्या दहावीस रुपयांची नाहीच. बेळगाव म्हणजे मराठा लाईट इन्फंट्रीचं गाव, आमच्याकडं गल्लीगल्लीत फौजी आहेत आणि त्यांचा आम्हाला अभिमान आहे. आता एकाच गल्लीतली दोन घरं बघा. एका घरातला पोरगा फौजेत, दुसऱ्या घरातला गोव्यात मेस्त्री, पंधरा वर्षं झाली, हाताखाली चार माणसं. दोघंही घरी पैसे पाठवतात, कधीकधी मेस्त्री जास्तच पाठवतो. फौजीच्या बापाला घरकर्ज पाहिजे तर पोराची पगाराची स्लिप दाखवली की काम झालं. मेस्त्रीच्या बायकोनं तीन वर्षांचं पासबुक छापून नेलं तर साहेब म्हणतात हे उत्पन्न नव्हे, हे नुसतं ट्रान्सफर आहे, इन्कम प्रूफ आणा. कुठनं आणायचं? ठेकेदार आठवड्याला खर्ची देतो, हिशोब गणपतीला नाहीतर शिमग्याला, तोही तोंडी. शिवाय पैसे सगळे एकाच नंबरवरनं येतात असं पण नाही, मेस्त्रीचा फोन पाण्यात पडला, नंबर बंद झाला, दोन महिने दोस्ताच्या फोनवरनं टाकले, मग मुकादमाच्या. पासबुकात तीन अनोळखी माणसांची नावं आणि साहेबाला संशय. मग ती बाई काय करते, अंगावरचं सोनं नेऊन ठेवते. आमच्याकडं बायका सोनं घेतात ते काही नुसत्या हौसेनं नव्हे, सोनं हीच त्यांची सॅलरी स्लिप आहे, ते ठेवलं की कुणी विचारत नाही नवरा काय काम करतो म्हणून.

गंमत म्हणजे हा कागद द्यायचा कायदा कधीचाच होता. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा 1979 चा कायदा, त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं की ठेकेदारानं प्रत्येक कामगाराला फोटो लावलेलं पासबुक द्यायचं, त्यात मजुरीचा दर, भत्ता, कामाची जागा सगळं लिहायचं, ते पण कामगाराला वाचता येईल अशा भाषेत. घरापासनं कामापर्यंत जायचायायचा खर्च द्यायचा. पाच किंवा जास्त परराज्यातली माणसं ठेवणाऱ्या प्रत्येक ठेकेदाराला हे लागू होतं. चाळीस वर्षांवर हा कायदा होता. माझ्याकडं झेरॉक्सला लोकं जन्माच्या दाखल्यापासनं सातबारापर्यंत सगळे कागद आणतात, असलं पासबुक झेरॉक्सला आलेलं मला आठवत नाही. आता तो कायदा नव्या कामगार संहितेत गेला, 21 नोव्हेंबर 2025 पासनं त्या लागू झाल्यात आणि प्रत्येक कामगाराला नेमणुकीचं पत्र द्यायचं असं त्यात आहे. वाचायला झकास आहे. म्हापशाच्या एखाद्या साईटवर आमच्या हेल्परला मुकादम नेमणूकपत्र देतोय हे चित्र डोळ्यासमोर आणून बघा आणि हसू आलं नाही तर सांगा.

बांधकाम कामगारांच्या बोर्डाचं तसंच. 1996 च्या कायद्यापासनं मोठ्या बांधकामांवर एक टक्का सेस घेतात आणि तो पैसा कामगारांसाठी ठेवतात, पोरांना स्कॉलरशिप, अपघाताला मदत, पेन्शन. नोंदणीसाठी मागच्या बारा महिन्यांत 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. आमचा गवंडी राबतो गोव्यात, सेस जमा होतो गोव्याच्या बोर्डात, त्याची पोरं शाळेत कर्नाटकात. तिकडं गेलं की रहिवासी दाखला मागतात, इकडं आलं की कामाचा दाखला मागतात. आणि आमच्याकडं कधी वीट हातात न धरलेल्या लोकांकडं लेबर कार्ड आहेत हे तर सगळ्यांना ठाऊक आहे. सेसचा पैसा बोर्डांकडं नुसता पडून राहतो म्हणून सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये सरकारांना फैलावर घेतलं होतं. ई-श्रम कार्ड 2021 मध्ये निघालं तेव्हा माझ्या दुकानापुढं रांग लागली होती, मीच कितीतरी जणांना लॅमिनेट करून दिलं, ते कार्ड दाखवून पुढं काय मिळालं हे सांगायला अजून कुणी परत आलं नाही. एक गोष्ट मात्र आम्हीच लोकांना सांगितली पाहिजे. पासबुकात वर्षाला 20 रुपये कापलेले दिसतात आणि बायका आमच्याशी भांडतात की पैसे कुठं गेले, तो अपघात विम्याचा हप्ता असतो, दोन लाखाचा. साईटवरनं पडून माणूस गेला आणि घरच्यांना हे माहीतच नाही, क्लेमच केला नाही, असंही घडतं. पेपरात मोठ्या अक्षरात एकदा छापा ही विनंती.

उरलेला पैसा जातो भिशीत आणि सोसायटीत. पिग्मी, म्हणजे रोज थोडे थोडे पैसे साठवायची ठेव, ही आपल्या कर्नाटकाचीच युक्ती, उडुपीच्या बँकेनं, जी पुढं सिंडिकेट बँक झाली, 1928 मध्ये सुरू केली, आणि दारात येऊन वीस-पन्नास रुपये नेणारा एजंट बाईला बँकेपेक्षा जवळचा वाटणारच. पण बँकेत ठेवलेल्या 5 लाखापर्यंतच्या ठेवीला विमा असतो तसा पतसंस्थेतल्या, सौहार्द म्हणतात त्या सहकारी संस्थांमधल्या ठेवीला नसतो, हे कुणी सांगत नाही. बोर्ड बघितला तर काचेचं ऑफिस, एसी, गणपतीचा फोटो, सगळं बँकेसारखंच. बेळगावात मोठमोठ्या सोसायट्या बुडालेल्या आपण सगळ्यांनी बघितल्यात, त्यात पेन्शनरांचे पैसे गेले ते मोर्च्यात दिसले, गोव्याच्या गवंड्याचे गेले ते दिसले नाहीत कारण मोर्च्याच्या दिवशी तो साईटवर होता.

सीमाप्रश्नावर ह्या पत्रात मी काही बोलणार नाही, 2004 पासनं केस सुप्रीम कोर्टात आहे आणि माझं मत काय असेल हे माझ्या भाषेवरनं कळतंयच. पण तणाव झाला की पहिल्यांदा बस बंद होते. डिसेंबर 2022 ला हिरेबागेवाडीजवळ गाड्यांवर दगड पडले तेव्हा झाली, फेब्रुवारी 2025 मध्ये कंडक्टरच्या भांडणावरनं झाली, कोरोनात तर कोगनोळीच्या नाक्यावर आरटीपीसीआर दाखवल्याशिवाय पलीकडं सोडत नव्हते. हद्दीपलीकडं महाराष्ट्रात शिनोळीच्या कारखान्यात रोज जाऊन येणाऱ्यांचा खाडा पडतो, कागल कोल्हापूरला निघालेला निपाणीत अडकतो. पुढारी लोकं स्टेटमेंट देऊन घरी जातात, खाड्याचे पैसे कुणी भरून देत नाही. महाराष्ट्र सरकारनं 2023 मध्ये 865 सीमाभागातल्या गावांना महात्मा फुले आरोग्य योजना दिली, म्हणजे मनात आणलं तर हद्दीपलीकडच्या माणसासाठी काही करता येतं हे सिद्ध झालं. मग कोल्हापूर-पुण्यात राबणाऱ्या सीमाभागातल्या माणसाची नोंद तिथल्या बोर्डात करून त्याच्या पोरांची स्कॉलरशिप बेळगावच्या खात्यावर टाकायला काय हरकत आहे? गोवा आणि कर्नाटकात तर भाषेचा प्रश्नच नाही, म्हादई नदीच्या पाण्यावरनं भांडताना दोन्हीकडचे अधिकारी एकमेकांना पत्रं लिहितातच की, त्यातलं एक ह्या कामासाठी लिहावं.

आणि बँका-सोसायट्यांच्या मॅनेजर साहेबांना एक सांगणं आहे. माझ्या मशीनमध्ये दिसतं कुणाच्या खात्यावर किती महिने न चुकता पैसे येतायत, पावसाळ्याचे तीन महिने सोडले तर घड्याळासारखे येतात. जून-जुलै-ऑगस्टला हप्ता नाही आणि ऑक्टोबर ते मे मध्ये वसुली, असं एक कर्ज काढून बघा, भात कापणीवर पीककर्ज देताच की, मग पगारावर द्यायला काय. पासबुकात दोस्ताचं नाव आलं तर चौकशी करा, पण फेटाळून नका लावू. आपल्या भागातल्या ज्या एखाद्या सोसायटीनं हे चालू केलं तिची जाहिरात मी माझ्या दुकानात फुकट लावीन.

पत्र लांबलं. जागा नसेल तर कुठंही कापा, मनिऑर्डरचा भाग काढलात तरी चालेल, पण तो 20 रुपयाच्या विम्याचा भाग आणि अंगठ्याचा भाग तेवढा ठेवा, बायका पेपर माझ्याच दुकानात वाचतात.

आपला,
एक दुकानदार वाचक,
पिरनवाडी, ता. जि. बेळगाव